ॲपमध्ये कुलूप बंद होतं

रात्री साडेदहाला ॲप उघडून पाहिलं तेव्हा गाडीच्या चित्रावर हिरवं कुलूप होतं, बंद. सकाळी खाली गेले तर मागचं दार नीट लागलेलं नव्हतं, पुढचा कप्पा उघडा, कागद सीटवर पसरलेले, आणि माझा गॉगल, चार्जिंगची वायर, नवऱ्याची छत्री गायब. काच कुठलीच फुटली नव्हती. फोडायची वेळच आली नव्हती कोणावर. गाडी रात्रभर उघडीच होती.

चोरी किरकोळ. तक्रार द्यायलाही लाज वाटावी इतकी. मी लिहितेय ते त्या हिरव्या कुलपाबद्दल, आणि ते कुलूप दाखवून मला गाडी विकणाऱ्यांबद्दल.

गाडी वापरलेली घेतली होती, पण रस्त्यावरच्या दलालाकडून नाही. कंपनीच्याच अधिकृत डीलरच्या जुन्या गाड्यांच्या विभागातून. दोन वर्षं चार महिने चाललेली. तिच्यासारखीच दुसरी एक गाडी बरीच स्वस्तात मिळत होती, फक्त तिच्यात हे कनेक्टेड, म्हणजे फोनवरच्या ॲपशी जोडलेलं, प्रकरण नव्हतं. आता मी आहे विसराळू. दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणाऱ्यांतली. बोलता बोलता हे मी सेल्समनला सांगून बसले आणि तिथेच त्याला माझी नस सापडली.

“मॅडम, लॉक करायला विसरलात तरी टेन्शन नाही. घरबसल्या बटण दाबा,” म्हणत त्याने स्वतःचा फोन काढला. तीन सेकंदांत समोरच्या गाडीचे आरसे मिटले, दिवे लुकलुकले. मग एसी सुरू करून दाखवला, नकाशावर गाडी दाखवली. मी विचारलं, याचे वेगळे पैसे? “तीन वर्षं फ्री आहे मॅडम.” संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मी पुन्हा विचारलं तर तेच उत्तर आलं, पुढे अंगठा. विक्रीच्या कागदावर सुविधांच्या यादीत लिहिलं होतं, ‘कनेक्टेड सेवा : अव्हेलेबल’. या शब्दाकडे नंतर येते.

त्या प्रात्यक्षिकात खोटं काहीच नव्हतं, हे कबूल करायला हवं. पण शोरूममधली गाडी कधी झोपतच नाही. दिवसभर कोणी ना कोणी दार उघडतं, आत बसून बघतं. तिची यंत्रणा जागी असते, नेटवर्क भरपूर असतं. घरी उभी केलेली गाडी थोड्या वेळाने झोपते. मग तुम्ही बटण दाबलं की ते सांगणं फोनवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथून मोबाईल नेटवर्कने गाडीत बसवलेल्या सिमकार्डापर्यंत, सिमने गाडीला उठवायचं, मग कुलूप, आणि ‘झालं’ हा निरोप पुन्हा त्याच वाटेने उलटा. फोन हातात धरून तुम्ही गाडीला टेकून उभ्या असाल तरी हाच फेरा. काही गाड्यांत ब्लूटूथवर चालणारी डिजिटल किल्ली असते, ती थेट गाडीशी बोलते. माझ्या गाडीत ती नव्हती. हे दोन प्रकार वेगळे आहेत हेच मला माहीत नव्हतं, तर विचारणार काय?

गाडी घरी आली. ॲप डाउनलोड केलं, सतरा अक्षरांचा चासी नंबर टाकला. उत्तर आलं : हे वाहन दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे.

मागच्या मालकाच्या. डीलरला फोन केला. तो म्हणाला, हे कंपनीच्या हातात आहे. कंपनीच्या कस्टमर केअरवरची मुलगी म्हणाली, मालकी बदलल्याची विनंती डीलरकडून यायला हवी. डीलर म्हणाला, पाठवली. कंपनी म्हणाली, मिळाली नाही. यात सात आठवडे गेले. दरम्यान कोणीतरी सुचवलं म्हणून गाडीतल्या स्क्रीनवरून मी दोनदा फॅक्टरी रीसेट केला. त्याने माझी गाणी आणि रेडिओची सेटिंग गेली. खातं होतं सर्व्हरवर, ते जागेवरच.

एके संध्याकाळी उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजला आणि दिवे लागले. वायरिंगमध्ये काहीतरी बिघाड असेल म्हणून मी सर्व्हिसिंगची वेळ घेतली. नंतर स्वतःच्या हातात ॲप आलं आणि त्यात ‘गाडी शोधा’ नावाचं बटण दिसलं तेव्हा उलगडा झाला. मागच्या मालकाने जुनं ॲप सहज उघडून पाहिलं असावं, अजून चालतं का म्हणून. माणूस वाईट नसेलही. पण माझी गाडी दिवसा कुठे जाते आणि रात्री कुठे असते, हे सात आठवडे एका अनोळखी माणसाच्या खिशात होतं, आणि गाडी विकणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. हे नवं नाही. आयबीएमचे सुरक्षा तज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी 2017 मध्ये जाहीर सांगितलं होतं, की गाडी विकून कित्येक वर्षं झाली तरी ती त्यांना ॲपवर दिसत होती, उघडताही आली असती. नियमाप्रमाणे सगळं पुसून गाडी विकणाऱ्या जाणकाराची ही गत, तर आपलं काय.

जुनी गाडी घेताय? मग पैसे देण्याआधी डीलरच्या टेबलावर बसूनच, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावाने खातं उघडा आणि गाडी त्यात आलेली पाहा. ‘दोन दिवसांत होईल’ म्हणाले तर दोन दिवसांनी पैसे द्या. मी केलं नाही ते हेच.

आठव्या आठवड्यात ॲप सुरू झालं आणि खरं सांगायचं तर मला आवडलंही. उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी एसी लावणं हे सुख आहे. दहातल्या सात वेळा लागायचा. उरलेल्या तीन वेळा गोल चक्र फिरत राहायचं आणि शेवटी ‘विनंती पूर्ण होऊ शकली नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा’. कधी दुपारभर सर्व्हरच बंद. 2021 च्या नोव्हेंबरात टेस्लाचा सर्व्हर काही तास बसला होता, तेव्हा नुसत्या फोनच्या भरवशावर निघालेले काही मालक आपल्याच गाडीबाहेर ताटकळले होते. हे वाचलेलं असल्यामुळे खरी किल्ली मी पर्समधून कधी काढली नाही. तेवढंच शहाणपण माझ्या नावावर.

आता ती रात्र. संध्याकाळी सातच्या सुमारास मी तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली, किल्लीने लॉक केली. नऊच्या पुढे नवरा राहिलेल्या पिशव्या आणायला खाली गेला. दोन्ही हात भरलेले, दार ढकललं आणि वर आला. “लॉक केलीस ना?” “केली असेल.” आमच्या घरात ‘केली असेल’ म्हणजे केलेली नसते. म्हणून ॲप पाहिलं. हिरवं कुलूप, बंद. लॉकचं बटण दाबायचा विचार मनात आलाही नाही. लॉक असलेल्या गाडीला पुन्हा लॉक कशाला करायचं?

सकाळी, सगळं झाल्यावर, त्या पडद्याकडे नीट पाहिलं. कुलपाच्या खाली, चित्राच्याही खाली, राखाडी बारीक अक्षरांत होतं : शेवटची नोंद 7:12. तळघरात गाडीच्या सिमला धड नेटवर्क नाही. मी गाडी लॉक केली तेव्हा ते जेमतेम असणार, नंतर गेलंच. लॉकचा निरोप कसाबसा पोचला, नऊ वाजता दार उघडल्याचा पोचलाच नाही. ॲपने काय केलं? ‘मला माहीत नाही’ म्हणण्याऐवजी तीन तासांपूर्वीचं उत्तर ताज्या हिरव्या रंगात समोर ठेवलं. माहिती शिळी झाली की तो रंग करडा करायला कितीसं काम लागतं? पण करडं कुलूप शोरूममध्ये चांगलं दिसलं नसतं.

मी कस्टमर केअरला हे विचारलं. उत्तर मिळालं, की वेळ दाखवलेली आहे, ती वाचणं ही ग्राहकाची जबाबदारी.

त्यानंतर मी गाडी वर, उघड्यावर लावू लागले, नेटवर्क मिळावं म्हणून. आणि मला वेडच लागलं. चहा पिताना रिफ्रेश, झोपताना रिफ्रेश, मध्यरात्री जाग आली तर रिफ्रेश. आम्ही नऊ दिवस बाहेरगावी होतो, तिथूनही दिवसातून दहा-पंधरा वेळा. परत आलो तर गाडी ठप्प. दारसुद्धा किल्लीच्या आत लपलेल्या धातूच्या किल्लीने उघडावं लागलं. मेकॅनिकने बॅटरीला जोडणी देऊन गाडी सुरू केली आणि विचारलं, ॲप वापरता का? दर रिफ्रेशला गाडीला उठावं लागतं. नेटवर्कशी बोलणारा मोडेम आणि सोबतचे कंट्रोल युनिट काही मिनिटं जागे राहतात आणि ते सगळं त्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. गाडी चालली नाही तर भरणार कोण? “ताई, तिला झोपू द्या की जरा,” तो म्हणाला. एवढा भला सल्ला मला त्या सगळ्या प्रकरणात दुसऱ्या कोणी दिला नाही.

आणि मग, ॲप सुरू होऊन सात महिनेही झाले नव्हते, एके दिवशी कुलूप, एसी, नकाशा, सगळी बटणं फिकी पडली. वर पट्टी : तुमचा मोफत कालावधी संपला आहे, सेवा सुरू ठेवण्यासाठी योजना निवडा.

तीन वर्षं मोजली होती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून. मी घेतली तेव्हा त्यातली दोन वर्षं चार महिने गेलेली होती, वर सात आठवडे यांच्या टोलवाटोलवीत. डीलरकडे कागद घेऊन गेले. मॅनेजर शांतपणे म्हणाला, “मॅडम, लिहिलंय ना, अव्हेलेबल. आहेच की अव्हेलेबल. पैसे भरले की लगेच सुरू होईल.” म्हणजे मी वाचलं होतं ‘गाडीसोबत मिळते’ आणि त्यांनी लिहिलं होतं ‘विकत मिळू शकते’. शब्द एकच. हॉटेलच्या पाटीवर ‘खोल्या उपलब्ध’ असतं तसा. आणि पहिल्या विक्रीची अट? ती ॲपच्या अटींमध्ये होती, ज्यांच्याखाली मी न वाचता ‘मान्य आहे’ दाबलं होतं. ही चूक माझी, नाकारत नाही. पण सेल्समनने ‘घरबसल्या बटण दाबा’ म्हटलं नसतं तर मी ती गाडीच घेतली नसती.

पैसे भरले तरी ही सेवा गाडीच्या आयुष्यभर टिकेल असं धरून चालू नका. गाडीतलं सिम ज्या पिढीच्या नेटवर्कचं, ते नेटवर्क बंद झालं की ॲप गेलं. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाईल कंपनीने 2022 च्या फेब्रुवारीत 3जी बंद केलं तेव्हा अनेक गाड्यांच्या अशा सेवा गेल्या. ब्रिटनमध्ये निसानने 2024 मध्ये आपल्या विजेवरच्या सुरुवातीच्या लीफ गाड्यांचं ॲप बंद केलं, कारण 2जी जाणार होतं. गाड्या व्यवस्थित चालत होत्या. मी हे वाचलं ते फिकी बटणं पाहिल्यानंतर. गाडी घेताना हा प्रश्न सुचतो कोणाला? तुम्हाला सुचू द्या. गाडीतलं सिम कितव्या जीचं आहे, मोफत मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि ती संपल्यावर नेमकं काय काय बंद पडतं, हे तारखेसकट लिहून मागा. ‘तीन वर्षं’ नको, तारीख.

तक्रारीचं काय झालं ते सांगते. विक्रीचा कागद काहीच कामाला आला नाही. कामाला आला तो व्हॉट्सॲपवरचा अंगठा. ‘तीन वर्षं फ्री आहे मॅडम’, खाली मी गाडी घेतली त्याच आठवड्याची तारीख. त्याचा स्क्रीनशॉट लावून डीलर आणि कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहिलं, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. फोनवर ज्यांना महिनोनमहिने काही कळत नव्हतं त्यांचं उत्तर चार दिवसांत आलं. सेल्समन आता तिथे नाही म्हणे. चूक कोणाचीच नाही. तरीही ‘सद्भावना म्हणून’ एक वर्ष सेवा मोफत देत आहोत.

सोबत एक लिंक होती. उघडली तर अटींचं लांबलचक पान. या वेळी सगळं वाचलं. अकराव्या परिच्छेदात आहे, की ही मुदतवाढ स्वीकारल्यास या विषयावरचा पुढचा कोणताही दावा सोडल्याचं समजलं जाईल. सगळ्यात खाली निळं बटण, ‘मान्य आहे’. अजून दाबलेलं नाही.