लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून पिक्चर बघणं: काही महिने वापरल्यानंतर

गणपतीच्या सुट्टीत केबल आणली, तेव्हापासून आमच्याकडे पिक्चर लॅपटॉपवरूनच टीव्हीवर लागतो. एवढे महिने वापरून झाल्यावर ठामपणे सांगतो, घरात लॅपटॉप आहे आणि टीव्हीला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारं पोर्ट) आहे तर आधी साधी वायर लावून बघा, टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिक आणि बॉक्सचे खर्च नंतर.

त्याआधी वायरलेस वापरायचो. विंडोज आणि के दाबलं की टीव्हीचं नाव येतं, क्लिक केलं की जोडलं जातं, लग्नाचे फोटो बिटो दाखवायला एकदम छान. पण दोन-अडीच तासांचा पिक्चर लावला की मध्येच चित्र अडकणार, आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये घराघरात वायफाय असल्यामुळे रात्री जेवणानंतर तर जास्तच. वायर लावल्यापासून ही कटकट गेली ती गेलीच.

केबल घेताना लांबी नीट मोजा. टीव्हीपासून लॅपटॉप ठेवायच्या जागेपर्यंत, भिंतीच्या कडेने, आणि वर थोडी जास्तीची. आमची तीन मीटरची आहे, बरोबर पुरते. टीव्ही भिंतीला लावलेला असेल तर बाजूला तोंड असलेलं पोर्ट वापरा, कारण मागच्या पोर्टात सरळ पिन भिंतीला टेकून वाकते आणि हळूहळू पोर्टच ढिलं होतं. बाजूला पोर्ट नसेल तर एल शेपची पिन मिळते. सोन्याचा मुलामा वगैरे सांगून महागडी केबल गळ्यात मारतात तिची अजिबात गरज नाही, सिग्नल डिजिटल आहे, केबल नीट चालत असेल तर महागडीने रंग काही जास्त खुलत नाहीत. फक्त फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारं, चालवायचं असेल तर पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेलं बघून घ्या, ती १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट) असते. आणि लॅपटॉपचं पोर्टही बघा, एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच अडकतं, माउसचा बाणसुद्धा धक्के खात सरकतो. अशा वेळी सरळ १०८०पी म्हणजे फुल एचडी ठेवा, सोफ्यावरून ४३ इंची टीव्हीवर मला तरी फरक जाणवत नाही. नुसतं टाइप-सी पोर्ट असलेल्यांनी अडॅप्टर घ्यायच्या आधी त्या पोर्टमधून डिस्प्ले निघतो का हे तपासा, सगळ्या टाइप-सी मधून निघत नाही.

जोडल्यावर विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट (दोन्हीकडे तेच चित्र) किंवा सेकंड स्क्रीन ओन्ली (फक्त टीव्हीवर) निवडायचं. मी सेकंड स्क्रीनच ठेवतो, डुप्लिकेटमध्ये बऱ्याचदा लॅपटॉपच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन टीव्हीवर येतं आणि अक्षरं पुसट दिसतात. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडा. झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, ते पॉवरच्या सेटिंगमध्ये डू नथिंग करून टाका.

आता खरी मजा. टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालची टास्कबार अर्धीच दिसत असेल तर तो ओव्हरस्कॅन, जुन्या डब्ब्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेला प्रकार. टीव्हीच्या सेटिंगमधल्या पिक्चर साइझमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट करा, नाहीतर त्या इनपुटचं नाव बदलून पीसी ठेवा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्याने काम होतं. दुसरं म्हणजे रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते ते. बहुतेक पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि लॅपटॉप पाठवतो ६० हर्ट्झ, मग एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं करत गाडी चालते, आणि कॅमेरा डोंगरावरून किंवा गर्दीवरून संथ सरकायला लागला की चित्र बारीक हिसके देतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये २४ हर्ट्झचा पर्याय दिसत असेल तर पिक्चरपुरता तो लावा. मी लावला आणि तोच सीन परत मागे नेऊन बघितला, कॅमेरा लोण्यासारखा सरकत होता. सोबत टीव्हीचं मोशन स्मूदिंगही (मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः बनवून घालणं) बंद करा, त्याने चांगला पिक्चर डेली सोपसारखा दिसतो. काळा रंग राखाडी वाटत असेल तर टीव्हीतलं एचडीएमआय ब्लॅक लेव्हल बदलून बघा, रात्रीच्या सीनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सबटायटल्ससाठी व्हीएलसी, हा पिक्चर लावायचा फुकट प्लेअर. मराठी सबटायटल्सच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करा. सबटायटल मागेपुढे होत असेल तर जी आणि एच दाबत राहायचं, आवाज मागेपुढे असेल तर जे आणि के. आईला लहान अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून मी फॉन्ट चांगला मोठा करून ठेवलाय, आता ती तमिळ, मल्याळम पिक्चरसुद्धा शेवटपर्यंत बघते, आणि मला विचाराल तर एवढ्यासाठीच ही केबल वसूल झाली.

उणीव एकच, टीव्हीच्या रिमोटने लॅपटॉप थांबत नाही, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती सोयच नसते. चहा उतू जायला लागला की उठून स्पेस दाबायला लागायचं. शेवटी वायरलेस माउस आणला, तो सोफ्याच्या हातावर ठेवतो, व्हीएलसीत राइट क्लिक करून पॉज. कीबोर्ड-माउसचा कॉम्बो घ्यायचा असेल तर टचपॅड असलेला छोटा कीबोर्ड बघा, मांडीवर मावतो आणि माउस टेकवायला जागा शोधावी लागत नाही.