३४ इंची वाइड मॉनिटर: परत पाठवायच्या आधी सेटिंग बघा

दोन महिने झाले ३४ इंची वाइड मॉनिटर घेऊन, २१:९ वाला (रुंदी-उंचीचं प्रमाण), ३४४० बाय १४४० पिक्सेलचा. आता आवडतोय, पण पहिले दोन दिवस मी तो परत पाठवायच्याच बेतात होते.

जुनी एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावली, चित्र आलं पण सगळं आडवं ताणलेलं. ताईचा व्हिडिओ कॉल आला तर आई मागून म्हणते, "अगं ही केवढी सुटलीये!" लॅपटॉप १९२० बाय १०८० पाठवत होता आणि मॉनिटर ते ओढून कडेपर्यंत भरत होता. विंडोजमध्ये रिझोल्युशन ३४४० बाय १४४० केलं, ताई लगेच बारीक.

तरी माउस अडखळायचा. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने येतं ते) ५० हर्ट्झ! लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय १.४, त्यातून या रिझोल्युशनला साधारण तेवढंच जातं. मग टाइप सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली (तुमच्या टाइप सीमधून डिस्प्ले निघतो का ते आधी बघा, सगळ्यांच्यात नसतं), तर विंडोज आपलं ६० धरून बसलेलं, १०० हाताने निवडावं लागलं.

ब्राइटनेस कंपनीतून १०० वर आलेला, रात्री डोळ्यांची नुसती आग. मी ३० वर आणलाय. एसआरजीबी मोडमध्ये (रंग ठरलेल्या प्रमाणानुसार दाखवणारा मोड) रंग मस्त दिसतात पण ब्राइटनेस लॉक होतो, म्हणून नाइलाजाने कस्टम मोड. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलना झटपट रंग बदलायला लावणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊ नका, स्क्रोल करताना अक्षरांमागे फिकट सावली पळते, मधलं ठीक आहे. आणि माझं दिवसभराचं काम मराठी टायपिंगचं, विंडोजच्या १०० टक्के स्केलिंगला (अक्षरं किती मोठी दिसावीत ते) रफार कुठे संपतो नि वेलांटी कुठे सुरू होते कळेना, १२५ केलं आणि क्लियरटाइप (विंडोजचं अक्षरं रेखीव करणारं सेटिंग) एकदा फिरवून घेतलं तेव्हा कुठे जोडाक्षरं स्पष्ट दिसली. जागा थोडी कमी होते, पण दोन फाइली शेजारी शेजारी उघडून तिसरी खिडकी मावतेच.

साध्या १६:९ व्हिडिओला दोन्ही बाजूंना ४४०-४४० पिक्सेलचे काळे पट्टे राहणार, त्याला इलाज नाही.

खरा राग एकाच गोष्टीचा. ब्राइटनेस, मोड वगैरे मॉनिटरची सेटिंग बदलायची जॉयस्टिक (छोटी दांडी) पाठीमागे, चाचपडत शोधायची, आणि जरा जास्त दाबली की मॉनिटर बंद. चालू मीटिंगमध्ये तीनदा झालंय. एक स्टार त्याचा कापला.