कोऱ्या चौकटी-पट्ट्यांना ऑइल की वॉटर-बेस्ड? आधी प्रायमर ठरवा, रंगाचं नंतर बघू

चौकटी बसल्या, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) लागलं, सुतार हिशोब करून गेला आणि आता रंगारी दारात उभा राहून विचारतोय, "ऑइल मारायचं का वॉटर?" बहुतेक घरांत हा प्रश्न तिथेच उभ्या उभ्या मिटतो आणि मग पुढची दहा वर्षं त्या निर्णयाकडे बघत बसावं लागतं. मी दोन घरांचं कोरं लाकूड रंगवून घेतलंय, बरंचसं स्वतःच्या हाताने. एक पुण्यातला फ्लॅट, तिथे पाइनच्या पट्ट्या आणि थोडं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. दुसरं रत्नागिरीकडचं गावचं घर, तिथे किंजळच्या चौकटी. दोन्हीकडे उत्तर वेगवेगळं आलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा एक प्रश्न नाहीये, दोन आहेत. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लाकूड बघून ठरवायचा आणि वरचा रंग घर बघून, म्हणजे घरात कोण राहतं, खोलीत उजेड किती, दारं बंद ठेवता येणार का नाही, हे बघून. आपण दोन्ही एकाच डब्याच्या जातीत बसवायला जातो आणि तिथेच चुकतं.

आधी प्रायमर. कोरं लाकूड पाणी पितं. वॉटर-बेस्ड प्रायमर मारला की तासाभरात लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला तर दोन दिवसांच्या दाढीसारखं खरखरीत लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, पूर्ण वाळू द्यायचं आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, रेषांच्या दिशेने मारायचा, परत गुळगुळीत होतं. फक्त हे काम रंगारी गाळतात, कारण पट्टीला कंगोरे असले की पेपर मारायला वेळ जातो. ऑइलच्या प्रायमरला हा त्रास जवळजवळ नाही, तो लाकडात मुरतो, तंतू फुगवत नाही. पण त्याला रात्रभर लागते, पावसाळी हवेत त्याहून जास्त, आणि वास येतो तो येतोच. वॉटरवाला साधारण तीन-चार तासांत पेपर मारण्याजोगा होतो.

आता खरा फरक, डागांचा. किंजळ, ऐन ही हिरड्याच्याच कुळातली झाडं, आणि हिरडा कातडी कमवायला वापरतात ते त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. हे टॅनिन पाण्यात विरघळतं. गावच्या घरी तेव्हा लहान बाळ होतं, वास नको म्हणून मी चौकटींना वॉटर-बेस्ड प्रायमर मारला, संध्याकाळी पांढरंशुभ्र दिसत होतं, आणि सकाळी बघतो तर चहा सांडून वाळल्यासारखे पिवळट-तपकिरी ओघळ आणि प्रत्येक खिळ्याभोवती बांगडीएवढं काळं कडं. लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आले की हा काळा रंग होणारच. वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून बघितले, आठवड्याभरात डाग परत वर. शेवटी सगळं घासून, खिळ्यांची डोकी आत ठोकून, ऑइलचा वुड प्रायमर मारला तेव्हा कुठे थांबलं. दोन दिवसांचं काम आठ दिवसांवर गेलं आणि बाळाला घेऊन बायकोला माहेरी जावं लागलं ते वेगळंच. वॉटरमध्ये डाग अडवणारे खास प्रायमर मिळतात, ते साध्यापेक्षा बरे, पण गडद रंगाच्या जड लाकडावर मी आता ऑइलच धरेन.

पाइनची तऱ्हा वेगळी. त्यात टॅनिनपेक्षा गाठींचा त्रास, गाठीत राळ असते आणि उन्हाच्या खिडकीजवळ ती हळूहळू बाहेर येते, पांढऱ्या रंगावर पिवळा गोल डाग दिसायला लागतो, कधी चिकटही लागतो. यावर ऑइल प्रायमरचाही पूर्ण भरवसा नाही. जुना उपाय चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पॉलिशवाले वापरतात तोच, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. फक्त गाठीवर आणि तिच्याभोवती बोटभर, पातळ दोन हात, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने, आणि मग पूर्ण पट्टीला प्रायमर. फ्लॅटमध्ये अठरा गाठी मोजून असं केलं, तीन वर्षांत एकही वर आली नाही. जिथे नजरचुकीने राहिली, बाल्कनीच्या दाराच्या वर, ती मात्र आज जेवायच्या टेबलावरूनही दिसते.

एमडीएफला वरच्या सपाट भागावर काहीही चालतं. कापलेल्या कडेवर मात्र पाणी लागलं की कडा बिस्किटासारखी फुगते आणि परत बसत नाही, त्यामुळे कडांना ऑइल, पेपर, परत ऑइल.

सागवानाचं थोडक्यात सांगतो. चांगलं जुनं सागवान असेल तर मी रंगवणार नाही, पॉलिशच करेन. रंगवायचंच असेल तर सागाला स्वतःचं तेल असतं, आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या आणि लगेच ऑइल प्रायमर मारा, नाहीतर नखाने पापुद्रा निघतो.

म्हणजे प्रायमरच्या बाबतीत ऑइलचं पारडं बरंच जड आहे. वरच्या रंगाच्या बाबतीत उलटं.

ऑइल पेंट दिसायला सुंदर, यात वाद नाही. ब्रशच्या रेषा आपोआप बसतात, पृष्ठभाग काचेसारखा होतो, नवशिक्याच्या हातूनही बरं दिसतं. पण पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो, आणि उजेड नसेल तिथे जास्त पडतो, दाराची आतली बाजू, कपाटामागची स्कर्टिंग, देवघराची चौकट. दोन-तीन वर्षांत भिंत पांढरी आणि चौकट सायीच्या रंगाची होते. क्रीम, तपकिरी किंवा राखाडी असेल तर हा मुद्दाच नाही, ऑइल खुशाल मारा. दुसरं म्हणजे वेळ, दोन हातांमध्ये एक अख्खा दिवस, आणि ओल्या रंगावर धूळ-केस-चिलटं सगळं येऊन बसतं. आणि वास. घरात दम्याचं माणूस असेल, लहान मूल असेल, किंवा राहत्या घरात काम चाललं असेल तर ऑइल जीव काढतं. टर्पेंटाईन आणि थिनर पेट घेतात, तेव्हा काम चालू असताना देवापुढची निरांजन आणि गॅस दोन्ही बंद. ऑइल पेंटने किंवा जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात, एकेक उलगडून बाहेर वाळत घाला.

वॉटर-बेस्ड इनॅमल, म्हणजे ऑइल पेंटच्या जागी मारायचा पाण्यातला रंग, पांढरं ते पांढरंच राहतं, चार तासांत दुसरा हात, ब्रश नळाखाली धुतला की झालं. लिटरमागे साध्या ऑइलपेक्षा महाग पडतं, पण मजुरीचे दिवस वाचतात, तेव्हा एकूण हिशोबात मला फारसा फरक जाणवला नाही. दोष दोन आहेत. एक, लवकर वाळतं म्हणून हात सराईत पाहिजे. एकदा मारून पुढे सरकायचं, अर्धवट वाळलेल्यावर परत ब्रश फिरवला की ओरखडे उठतात. ब्रशही नायलॉनच्या केसांचा घ्या, जनावराच्या केसांचा पाण्याने लिबलिबीत होतो. दुसरा दोष मोठा आहे आणि तो आधी कुणी सांगत नाही. हाताला वाळलेलं लागलं तरी आतून पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर दार चौकटीला चिकटतं. खिडकीचा पल्ला रात्री बंद केला आणि सकाळी ओढला की टरकन आवाज येऊन रंगाची साल निघून येते. तेवढे दिवस दारं किलकिली ठेवायची, आणि जिथे पल्ला टेकतो तिथे रंग नीट वाळल्यावर पांढरी मेणबत्ती घासायची, साधी बाजारातली, चांगला उपयोग होतो.

मग आज मी काय करेन? ऑइलचा वुड प्रायमर, तो पूर्ण वाळू द्यायचा, एक दिवस जास्तच द्यायचा, पेपर मारून धूळ ओल्या फडक्याने पुसायची, आणि वर वॉटर-बेस्ड इनॅमलचे दोन हात. ही जोडी चालते. वास एकाच दिवसाचा, आणि पांढरं टिकतं. गावच्या घरी शेवटी हेच केलं आणि दोन पावसाळे गेले, डाग नाही. अपवाद दोनच. रिकामं घर आणि गडद रंग असेल तर पूर्ण ऑइल, दिसायला तेच सरस. आणि फिकट, गाठी नसलेलं लाकूड, त्यातून घरात माणसं राहतायत, तर पूर्ण वॉटर, फक्त पेपर मारायचा कंटाळा करायचा नाही.

लांबी, म्हणजे खिळ्यांची भोकं आणि भेगा बुजवायचा लगदा, भरायचा क्रम ऑइल-वॉटर दोन्हीत एकच, आधी प्रायमर आणि मग लांबी. कोऱ्या लाकडात थेट भरली तर लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि वर्षभरात खपली पडते. भरल्यावर पेपर, आणि त्या जागेवर परत प्रायमरचा ठिपका, नाहीतर चकाकीत मंद डाग दिसतात. भिंतीला लावायची पांढरी सिमेंटची पुट्टी लाकडात भरू नका, लाकूड हलतं, ती हलत नाही. पट्टी आणि भिंत यांच्यामधली फट ॲक्रिलिक सीलंटने भरा, सिलिकॉनवर रंग धरतच नाही.

जुन्या घराची चौकट खरवडून कोरी केली असेल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भाग) आत असावं हा नियम आपल्याकडे 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून, म्हणजे त्याआधीच्या थरांत किती असेल याची खात्री नाही. अशा ठिकाणी कोरडा पेपर मारून धूळ उडवू नका, ओलं करून घासा आणि पोरांना लांब ठेवा.

लाकूड ओलं असेल तर वरचं सगळं वाया. ओल मोजायचा मीटर मिळाला तर 15 टक्क्यांच्या वर आकडा आला की थांबा. कोकणात दिवाळीनंतरच हात लावा असं मी म्हणेन, श्रावणात मारलेला रंग डिसेंबरमध्ये लाकूड आकसलं की सांध्यांवर फाटतो.

आणि चौकटीचा पाय. बाथरूमच्या दाराची चौकट खालून कुजते, कारण लाकडाची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी ओढतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही. चौकट उभी करायच्या आधी ती आडवी असतानाच खालच्या टोकांना ऑइल प्रायमर तीन वेळा पाजा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत, आणि भिंतीकडची बाजूही तेव्हाच मारून घ्या. रंगाऱ्याच्या रेटमध्ये हे धरलेलं नसतं आणि तो येतो तेव्हा चौकट बसलेली असते, त्यामुळे हे सुतारालाच आधी सांगून ठेवावं लागतं.