जुनी एसी ईको: ब्लोअर, बॅटरी आणि घाटातली ओढ

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत फुलांचे हारे, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, काहीही न्यायला मारुतीची ईको व्हॅन चालते. 2010 साली आलेली ही गाडी: 1196 सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना. दहा-बारा वर्षं वापरलेलं एसी मॉडेल घ्यावं का? घ्यावं, पण मल्टिमीटर (व्होल्टेज-करंट मोजायचा मीटर) लावून बघितल्यावर. या वयाच्या गाडीत ‘हवा कमी येते’, ‘सेल्फ मंद फिरतो’ आणि ‘घाटात दम धरत नाही’ या तीन तक्रारी तीन मिस्त्रींकडे जातात. पुष्कळदा मूळ एकच असतं: वीज जिथं हवी तिथं पुरेशी पोचत नाही.

ब्लोअरपासून सुरुवात करा. फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर गप्प राहतो? मग मोटर चांगली आहे, ब्लोअरचा रेझिस्टर (खालच्या नंबरांवर मोटरचा वेग कमी ठेवणारा भाग) गेलाय. तो बदलताना त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट, नीट बघा. पिन काळी पडली असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर कपलरही बदला, नाहीतर नवा रेझिस्टर काही दिवसांत जळतो. कुठल्याच नंबरवर चालत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरच्या कपलरवर व्होल्टेज. तिथं 12 व्होल्ट येतायत, अर्थिंगही (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) ठीक आहे, तरी मोटर फिरत नाही, तर ब्रश झिजलेत. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही लावू नका. जाम झालेली मोटर जास्त करंट खेचते आणि मग फ्यूजऐवजी वायरिंग पेटतं.

मोटरचा आवाज जोरात आणि हवा मात्र फुंकरीएवढी, ही आपल्याकडची खास तक्रार. जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी धूळ आणि चिकोडीकडची काळ्या मातीची बारीक धूळ ओल्या कूलिंग कॉइलवर बसते आणि तिचा लेप होतो. केबिन फिल्टर नसलेल्या गाडीत तिला अडवायला काहीच नसतं. अशा वेळी गॅस भरून काही होत नाही. कॉइल बाहेर काढून धुवावी लागते. गॅस कमी असता तर हवा भरपूर आली असती, फक्त गार नसती. हा फरक न बघता थेट गॅस भरायला काढणाऱ्याकडे गाडी सोडू नका. ठरावीक जाळीतूनच हवा येत नसेल तर कंट्रोलची केबल क्लिपमधून निसटलेली असते किंवा फ्लॅपचा स्पंज झडलेला असतो. पायाशी पाणी साचलं तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. खालून हळूच हवा मारली की मोकळी होते.

आता वीज. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट हवेत, 12.2 म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी. इंजिन चालू करून 13.8 ते 14.5 दिसलं पाहिजे. 13.2 च्या खाली असेल तर आधी पट्ट्याचा ताण बघा, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. 15 च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळेल. यानंतरची तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि खरा दोष तिथंच सापडतो: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब. पट्टीच्या टोकाचं थिंबल (बोल्टला अडकणारी धातूची कडी) सोडवा, बॉडीवरचा गंज पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. कणकुंबीच्या पावसात उभी राहिलेली गाडी असेल तर हे काम न बघताच करून टाकावं. सकाळी बॅटरी उतरलेली मिळत असेल तर चावी काढून, दारं बंद करून, निगेटिव्हच्या वाटेत मीटर 10 अँपिअरवर जोडा. थोड्या वेळाने 50 मिलीअँपिअरच्या वर राहिलं तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम आधी तपासा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका.

पावसाळ्यातल्या रात्री बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाचा हिशेब करा. दोन हेडलाइट मिळून साधारण 9 अँपिअर, ब्लोअर फुल्ल 12 ते 15, वायपर चारेक, टाकीतला पेट्रोल पंप चार-पाच. तीस अँपिअरची ही मागणी, आणि संथ वळणावर इंजिनचे फेरे कमी असताना अल्टरनेटरही कमी देतो. त्यात अर्थिंग कुजकं असेल तर पंपाला व्होल्टेज कमी मिळतं, पेट्रोलचा दाब पडतो आणि गाडी चढावर गुदमरते. सगळा लोड चालू ठेवून पंपाच्या कपलरवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. घाटात काच धुरकटली तर एसी चालू ठेवून लिव्हर बाहेरच्या हवेवर करा. आतलीच हवा फिरवली तर धुकं वाढतं. धुळीच्या रस्त्यावर मात्र उलट.

व्होल्टेज ठीक असूनही ओढ नसेल तर क्रम असा: एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काजळी, मग क्लच. निपाणीजवळच्या तवंदी घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, म्हणजे क्लचप्लेट घसरतेय. एसी बंद केल्यावर गाडी थोडी हलकी वाटणं स्वाभाविक आहे, कारण कॉम्प्रेसर इंजिनचीच ताकद घेतो. पण एसी लावताच गाडी बंदच पडत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करा आणि कॉम्प्रेसरचं बेअरिंग आवाज करतंय का ऐका.

एमएच-09 म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी स्वस्तात मिळते, पण ती इकडे कर्नाटकात कायम ठेवायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), कर्नाटकचा टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं किमतीत धरूनच भाव करा.