2 टीबीचा क्लाउड म्हणून माझाच लॅपटॉप मला विकला

एकूण 203 डॉलर 50 सेंट. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी विचारलं तेव्हा मी 119 च सांगितले होते. 119 'लाइफटाइम 2 टीबी' प्लॅनचे, 35 ऑफिस पॅकचे, आणि 49.50 कशाचे ते सांगायची अजून लाज वाटते, पण पुढे येईलच. वर बँकेने परदेशी व्यवहाराचं शुल्क कापलं ते वेगळं.

वेब डेस्कटॉप हा प्रकार तुम्हाला माहीत असेल. ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडणारा अख्खा डेस्कटॉप, खाली टास्कबार, आयकॉन, विंडो ओढा, फोल्डर बनवा, कुठल्याही कॉम्प्युटरवरून लॉगिन करा की आपलं सगळं जसंच्या तसं समोर. आणि कृपा करून 'असल्या साइटवर विश्वास ठेवतंच कोण' हे मला ऐकवू नका. बार्सिलोनावाल्यांनी 2005 ला आयओएस काढलं (आयफोनवालं नव्हे, हे 'आय' म्हणजे डोळा) तेव्हापासून हा प्रकार आहे, 2014 मध्ये ते टेलिफोनिकाने विकतही घेतलं. घोस्ट नावाचं एक होतं ते 2010 ला बंद पडलं. प्युटर नावाचं असंच एक 2024 पासून ओपन सोर्स आहे, कोड कुणीही उघडून बघावा. म्हणजे प्रकार खरा आहे, माझ्या पदरात पडलेला माल खोटा होता.

मला हवं होतं काय, तर जागा. 256 जीबीचा लॅपटॉप, सी ड्राइव्हवर 9 जीबी शिल्लक, रोज लाल पट्टी. म्हणलं दर महिन्याला भाडं भरत बसण्यापेक्षा एकदाच पैसे टाकू आणि सुटू. पैसे भरले, डेस्कटॉप उघडला, दिसायला इतका देखणा की काय सांगू. सहा वर्षांची कामाची बिलं, स्कॅन केलेले कागद, फोटो, व्हिडिओ असं 61 जीबी आठवडाभरात थोडं थोडं चढवलं आणि चढेल तसं लॅपटॉपवरचं मूळ डिलीट केलं. हो, डिलीट केलं. जागा करायलाच तर घेतलं होतं ना ते!

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच डोळ्यासमोर येतो. मुलीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ, 740 एमबी. ओढून फोल्डरमध्ये टाकला, हिरवी पट्टी सर्रकन पुढे गेली, पाच सेकंदांत 'अपलोड पूर्ण'. पाच सेकंद! माझ्या लाइनचा अपलोड स्पीड 20 एमबीपीएस, म्हणजे त्या फाइलला कमीत कमी पाच मिनिटं लागायला हवीत, एवढा हिशोब मला येतो, मी दिवसभर हिशोबाचंच काम करते. आणि मी काय केलं तर कौतुक केलं. दोन मैत्रिणींना मेसेज टाकला की बघा काय स्पीड आहे. एकदा वाय-फाय गेलेलं असतानाही पट्टी 100 टक्क्यांवर पोचली, तेव्हा मला वाटलं की रांगेत लावून ठेवत असेल.

दुसरी गोष्ट तर त्याहून उघडी होती. 61 जीबी डिलीट केलं, रिसायकल बिन दरवेळी रिकामी केली, तरी सी ड्राइव्हवर जागा 9 जीबीच. मी विंडोजच्या अपडेटला शिव्या घातल्या.

जागा मोकळी कशी होणार? फाइली कुठे गेल्याच नव्हत्या. माझ्या भाच्याने नंतर नवीन अकाउंट उघडून समोर बसून दाखवलं, एफ 12 दाबलं, नेटवर्कचा टॅब उघडला, एक फाइल टाकली आणि म्हणाला, "मावशी, बघ, बाहेर काहीच जात नाहीये. फाइलचं नाव आणि हा टिकलीएवढा फोटो तेवढा सर्व्हरला जातो, बाकी सगळं तुझ्याच क्रोममध्ये." शेजारच्या ॲप्लिकेशन टॅबमध्ये इंडेक्स्डडीबी म्हणून असतं, म्हणजे ब्राउझरची आपल्याच डिस्कवरची साठवण, त्यात सगळं भरत होतं. ब्राउझर प्रत्येक साइटला तुमच्या डिस्कवर थोडी जागा वापरू देतो हे मलाही माहीत होतं, पण मला वाटायचं कुकीएवढी, फार तर पाचदहा एमबी. क्रोममध्ये एक साइट डिस्कच्या 60 टक्क्यांपर्यंत जागा घेऊ शकते. त्यांचा 2 टीबीचा सर्व्हर म्हणजे माझाच लॅपटॉप. डेस्कटॉपही फुकटातल्या एका ओपन सोर्स कोडवर रंग मारलेला, आणि ते 35 डॉलरचं ऑफिस पॅकही तसलंच.

कुणी म्हणेल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून नाही का पाहिलं. पाहिलं! ऑफिसातून लॉगिन केलं, फोल्डर दिसत होते, नावं दिसत होती, छोटे फोटो दिसत होते, क्लिक केलं की फिरकी फिरत राहायची. सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं, 'पहिलं सिंक 48 तास घेतं'. नंतर म्हणाले डेटा जास्त आहे. मग माझ्याही कामाची गर्दी झाली आणि मी विसरले. तुम्ही असलं काही घेतलंत तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर एक मोठी फाइल पूर्ण उघडून बघा, नुसती नावं बघून समाधान मानू नका.

71 व्या दिवशी आयकॉन पांढरे दिसायला लागले. सपोर्टला लिहिलं. उत्तर: 'ब्राउझिंग डेटा क्लिअर करा, ऑल टाइम निवडा, सगळ्या चौकटींवर टिक करा.' त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या हाताने केलं. 'कुकीज आणि इतर साइट डेटा' या चौकटीवरही टिक केलं. लॉगिन केलं तर डेस्कटॉप चकाचक, एकही फाइल उघडेना. सी ड्राइव्हवर मात्र 70 जीबी मोकळे. जी जागा मला हवी होती ती अशी मिळाली.

आता 49.50. ते म्हणाले डेटा तुमच्या बाजूने डिलीट झालाय पण 'रिस्टोअर' करता येईल, फी लागेल. मी भरली. रडवेली झाले होते त्या दिवशी, दुसरं काय सुचणार. 24 तासांनी तेच फोल्डर परत, प्रत्येक फाइल 0 केबी. मग म्हणे गुगलने लॉगिन करा, ड्राइव्हवरून आणू. त्या डेस्कटॉपमध्येच एक विंडो उघडली, वर अ‍ॅड्रेस बार, कुलूप, पत्ता अगदी बरोबर. पण माझा पासवर्ड मॅनेजर गप्प बसला, एरवी तो खरा पत्ता ओळखून आपणहून भरतो. तेव्हा कुठे डोकं चाललं. विंडो पकडून टॅबच्या बाहेर ओढायला गेले तर ती कडेला अडकली. खरी विंडो नव्हतीच, पासवर्ड चोरायला काढलेलं विंडोचं चित्र होतं. ब्राउझर-इन-द-ब्राउझर म्हणतात याला, 2022 पासून यावर लिहिलं गेलंय. वेब डेस्कटॉपमध्ये तर सगळं खिडकीतल्या खिडकीतच असतं, त्यामुळे संशयही येत नाही. पासवर्ड मॅनेजर भरत नसेल तर हाताने टाइप करू नका, बस.

रिकव्हरीवाल्याकडे लॅपटॉप नेला, त्याने दोन दिवसांनी हात वर केले. लॅपटॉपच्या एसएसडी डिस्कवर ट्रिम नावाची सोय चालू असते, तिने डिलीट झालेलं कायमचं पुसलं जातं.

आणि आता बँक. डिस्प्यूटचा, म्हणजे पैसे परत मागायचा, फॉर्म भरताना मी 'फ्रॉड'वर टिक केलं, कारण फ्रॉडच होता ना तो? 23 दिवसांनी उत्तर आलं की व्यवहार तुम्हीच केलाय, ओटीपी तुम्हीच टाकलाय, सबब फ्रॉड नाही. वर त्या चोरांनी बँकेला माझ्या 71 दिवसांच्या लॉगिनची यादी पाठवली, बघा या बाई रोज वापरत होत्या! बँकेतल्या मुलीने फोनवर हळूच सांगितलं की मॅडम, तुम्ही 'सेवा मिळाली नाही' हे कारण द्यायला हवं होतं. हे फॉर्मवर लिहायला काय होतं? साधारण 120 दिवसांची मुदत असते, त्यातले 99 गेले होते.

सायबर पोलिसांकडे तीन चकरा. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी विचारलं डेटा कोणत्या पेनड्राइव्हवर होता. तिसऱ्या वेळी हे संभाषण:

"डेटा डिलीट कोणी केला?"

"मीच, पण त्यांनी सांगितलं म्हणून."

"मग ताई, तक्रार कोणाविरुद्ध लिहायची?"

मी दहा मिनिटं इंडेक्स्डडीबी समजावत होते आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की घरून कुणी सोबत आलंय का. शेवटी अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर म्हणाले ऑनलाइन येईल. नाही आली. पेमेंट कंपनीने माझ्या तक्रारीचं तिकीट दोन मिनिटांत आपोआप बंद केलं. डोमेन जिथे नोंदवलंय त्यांनी कळवलं की हा ग्राहक आणि विक्रेता यांच्यातला वाद आहे, आमचा संबंध नाही. ते डोमेन, जाता जाता, मी पैसे भरले तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं होतं. 'लाइफटाइम' विकणाऱ्याचं वय हूइजवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेवर, एका मिनिटात कळतं. मी नंतर बघितलं.

डिस्प्यूट पुन्हा टाकलाय, यावेळी योग्य कारणाने, नेटवर्क टॅबच्या स्क्रीनशॉटसकट. काल ती साइट उघडून पाहिली. चालू आहे. किंमत आता 79 डॉलर, आणि वर तेच लाल घड्याळ, 'ऑफर संपायला 11 तास'. पान रिफ्रेश केलं, पुन्हा 11 तास.