रेटिंग नऊचं गाव की पाचचं?

परवा आतेभावाचा फोन आला. नवराबायको दोघंही आयटीत, जर्सी सिटीत भाड्यानं राहतात, मुलगी सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. "दादा, घर कुठे घेऊ?" न्यू जर्सीत आपल्या माणसानं घराचं विचारलं की तो शाळेचं विचारत असतो. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो, कारण दोन्ही प्रकारच्या गावांत आम्ही मुलं शाळेत घातली आहेत. गावांची नावं घेत नाही.

पहिलं गाव मिडलसेक्स काउंटीतलं. शाळांना गुण देणाऱ्या वेबसाइटवर रेटिंग दहापैकी नऊ. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं भारतीय नाहीतर चिनी. लेकीच्या पहिलीत तीन आरव होते. दुसरं गाव तिथून अर्ध्या तासावर, रेटिंग पाच. वर्गात इक्वेडोर, होंडुरास, इजिप्त, फिलिपिन्सहून आलेल्यांची मुलं, गोरी, काळी, आणि आपली दोनतीन. पहिल्यात पाच वर्षं काढली, दुसऱ्यात सहा होत आली.

पहिल्याचं श्रेय आधी देतो. दिवाळीची सुट्टी असते. नावाचा उच्चार शिकवावा लागत नाही. गणित-विज्ञान कडक, हायस्कूलला एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय, मोजता येणार नाहीत इतके. ताणाबद्दल सगळेच बोलतात, आणि ते खोटं नाही. २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडंटनी, म्हणजे तिथल्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखांनी, पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं, सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी दिली. त्यावर पालकांत तट पडले, आणि ते बऱ्याच अंशी आशियाई एकीकडे, गोरे दुसरीकडे असे होते. आमच्या घरात मात्र हा त्रास फारसा पोचला नाही. लेक निवांत, आईबाप आळशी. मला खटकलं ते वेगळंच.

लेक तिसरीत होती. गाव भराभर वाढत होतं, शाळेमागच्या मैदानात ट्रेलरमध्ये वर्ग भरायला लागले होते. शाळांच्या बोर्डानं हद्दींचा नवा नकाशा काढला: हायवेपलीकडच्या अपार्टमेंटमधली मुलं आमच्या शाळेत येणार. मीटिंग हायस्कूलच्या कॅफेटेरियात, माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं. रांगेत बहुतेक आपलेच. गळ्यात कंपनीच्या बिल्ल्याचा पट्टा तसाच, ऑफिसातून थेट आलेले. एकानं घराची किंमत सांगितली, एकानं प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा वाचून दाखवला, एकानं "तिकडच्या मुलांचा स्तर" हा शब्द वापरला. शेजारी बसलेल्या मराठी ताई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "ही अपार्टमेंटवाली हो, दोन वर्षं राहतात आणि जातात. ह्यांना काय शाळेचं पडलंय?"

त्या अपार्टमेंटमध्ये राहतं कोण? एच-वन-बी व्हिसावर नुकतं आलेलं, हैदराबाद-पुण्याकडचं जोडपं. दोनच वर्षांपूर्वी आम्ही तिथूनच सामान हलवलं होतं, तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नव्हती. मी ताईंना काही बोललो नाही. होकाराची मान हलवली असंही बायको म्हणते. मला आठवत नाही.

कॅलिफोर्नियात २००० ते २०१६ या काळाचा एक अभ्यास झालाय: श्रीमंत उपनगरांत आशियाई मुलं आली की गोऱ्या मुलांचा आकडा उतरतो, आणि अभ्यासातल्या चढाओढीची भीती हे त्याचं एक कारण असावं. हे वाचून आपण "बघा, हे गोरे" म्हणून मोकळे होतो. आमच्या मीटिंगला माइकवर गोरं माणूस एकच, एक निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, मुलं आहेत, जागा करू. टाळ्या पडल्या नाहीत.

घर बदलायला आणखीही कारणं होती, बायकोची नोकरी, हप्ता. पण मनातून त्या संध्याकाळीच निघालो होतो.

आता दुसऱ्या गावाचे काटे. एपी कमी, विज्ञान प्रयोगशाळा जुनाट. मुलं जानेवारीतही येतात, मार्चमध्येही. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून सरकारी शाळा मुलाच्या इमिग्रेशनच्या कागदांवरून त्याला दार बंद करू शकत नाही, आणि करूही नये. पण मधेच तीन नवी मुलं आली की वर्गाचा वेग मोडतो, हे मी नाकारणार नाही. इंग्रजी शिकणाऱ्या आणि गरीब मुलांमागे राज्याच्या २००८ च्या कायद्यानं निधीच्या हिशेबात जास्तीचं वजन धरलंय, त्यामुळे अशा शाळेला पैसा अगदीच मिळत नाही असं नाही. तो जुन्या प्रयोगशाळेपर्यंत पोचताना मला दिसला नाही, एवढंच. आणि रविवारची मराठी शाळा आता पाऊण तासावर गेली.

तरी एक गोष्ट सांगतो, जी कुठल्या रेटिंगात येत नाही. इथल्या पहिल्याच पालकसभेत दारात स्पॅनिश भाषांतराचे हेडफोन वाटत होते. भाषांतर करणारी मागे राहू नये म्हणून प्रिन्सिपल छोटी वाक्यं बोलत होती, मधेमधे थांबत होती. एनजेएसएलए (राज्याची परीक्षा) म्हणजे काय, आयईपी (खास गरजेच्या मुलासाठी आखलेला अभ्यासाचा आराखडा) कुणाला मागता येतो, मुलाचा वर्ग पटला नाही तर कुणाला लिहायचं, सगळं पहिल्यापासून. नऊवाल्या गावात पाच वर्षं मी या आद्याक्षरांवर मान डोलावत आलो होतो, कारण बाकीच्यांना माहीत आहे असं वाटायचं. नवख्यांसाठी समजावून सांगायची शाळेला सवय लागली की त्यात आपलंही भागतं.

धाकट्याचा फॉर्म भरताना घरची भाषा या रकान्यात मराठी लिहिलं. पहिल्या गावात ओळखीचे सगळे सांगायचे, "इंग्लिश लिहा, नाहीतर पोराला ईएसएलमध्ये, इंग्रजी शिकवायच्या वेगळ्या वर्गात, टाकतील." असं कोणी उचलून टाकत नाही. एका बाईंनी त्याची अर्धा तास चाचणी घेतली, गरज नाही म्हणून लिहून दिलं. लेक आता नववीत आहे. गणितात आधीच्या गावात मधली होती, इथे बाईंनी सातवीत बोलावून अल्जेब्रात बसवली. ती हुशार झाली की गर्दी कमी झाली, देव जाणे.

भावाला म्हटलं, पोरगी खरंच ऑलिम्पियाडच्या तोडीची निघाली तर नऊवालं गाव घे. तिथे तिच्या बरोबरीचे पन्नास असतील, इथे दोन. आताच ते कळणार नाही. घर ठरवण्याआधी मात्र दोन्ही गावांत बोर्डाच्या एकेका मीटिंगला जाऊन मागच्या रांगेत बस, मीटिंग कुणालाही खुली असते. माइकवर लोक 'अपार्टमेंट' हा शब्द कसा उच्चारतात तेवढं ऐक. तू सध्या अपार्टमेंटमध्येच राहतोस.