एकटीची कयाक आणि धक्क्यावर न विचारलेला प्रश्न

गेली सहा वर्षं मी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवते आहे, पण नेहमी दोघींची. पुढे ताई, मागे मी. वल्ह्यांचा ताल ताईचा आणि कुठे थांबायचं तेही तीच ठरवणार. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नकोस, तू जा एकटी." म्हणून मी पहिल्यांदाच एकटीची कयाक भाड्यानं घेतली. चार तासांसाठी, आणि तेही तिन्ही बाजूंनी जमिनीच्या कुशीत असलेल्या बंदरात, जिथे बाहेरच्या लाटा आत पोचत नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा गेले. या दोन फेऱ्यांवरून हे लिहिते आहे. कयाक देणाऱ्यांचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांच्याकडून एक चूक झाली, ती त्यांनी सुधारलीही, आणि तशीच चूक इतर ठिकाणीही होत असणार.

आधी होडीबद्दल, कारण तिथे ही मंडळी खरंच उत्तम आहेत.

कयाक हा शब्द मूळचा आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, आणि माप ज्याच्या त्याच्या अंगाचं. ग्रीनलंडची जुनी रीत सांगतात ती अशी: लांबी आपल्या वावेच्या तिप्पट, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं त्याच्या तिप्पट, आणि रुंदी कमरेपेक्षा दोन मुठी जास्त. ती होडी अंगरख्यासारखी एकाच माणसाला बसायची. भाड्याची कयाक अशी असू शकत नाही. ती साच्यातली, पॉलिइथिलीनची, आणि काल तिच्यात कुणी सहा फुटी माणूस बसलेला असतो. म्हणून भाड्याच्या कयाकमध्ये मी पहिल्यांदा एवढंच बघते, की ती माझ्या अंगाला जुळवून द्यायला कुणी वेळ काढतं का.

इथे काढला. धक्क्यावरच्या मुलीनं मला सात नंबरच्या कयाकमध्ये जमिनीवरच बसवलं. सव्वाचार मीटर लांब, साठेक सेंटिमीटर रुंद. पाय ठेवायच्या खुंट्या तिनं तीन घरं माझ्याकडे सरकवल्या, गुडघे आतून वरच्या कडेला टेकतात का ते हात घालून बघितलं, कमरेच्या दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या सरकवल्या. मग म्हणाली, "आता कंबर डावी-उजवीकडे हलवा. होडी तुमच्याबरोबर हलली पाहिजे." हलली. दोघींच्या कयाकमध्ये सहा वर्षांत मला हे कधी जाणवलं नव्हतं. तिथे मी होडीत बसलेली असायचे, इथे होडी मी नेसलेली होती.

वल्हं मात्र आधी २४० सेंटिमीटरचं हातात आलं. माझी उंची पाच फूट एक इंच आणि डावा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडून गेलेला. एवढ्या लांब दांड्यानं तासाभरात खांदा बोलायला लागला असता. मी सांगितल्यावर तिनं २२० चं आणून दिलं आणि पाती एका रेषेत करून दिली, म्हणजे मनगट फिरवत बसायला नको. जाणाऱ्यांनी हे न लाजता मागून घ्यावं. चार तासांत हजारो वेळा तोच दांडा उचलायचा असतो.

आणि मग आली ती अट, जिच्यासाठी मी या लोकांना मनापासून मानते. आत बसायची कयाक एकट्या माणसाला हवी असेल, तर उलटल्यावर पुन्हा एकट्यानं चढता येतं हे आधी करून दाखवायचं. नाही जमलं तर वरून बसायची सपाट कयाक मिळते. ती उलटली तर सरळ करून वर चढणं त्या मानानं सोपं असतं आणि तिच्यात पाणी साचत नाही. मी हे शिकले होते, पण बाजूला ताई असताना. एकटीनं करायचं म्हणजे वल्ह्याच्या एका पात्यावर हवेची पिशवी चढवायची, दुसरं टोक होडीवर दाबून धरायचं, आणि त्या आडव्या आधारावर पाय टाकून पोटावर घसरत मागून वर यायचं. पहिल्या दोन वेळा मी पुन्हा पाण्यात पडले. ती मुलगी छातीभर पाण्यात उभी होती, पण तिनं हात लावला नाही. तिसऱ्यांदा वर आले, वळून बसले, पंपानं पाणी उपसलं. अर्धा तास गेला, तो भाड्यात धरला नाही.

कपड्यांचंही तिनं बजावलं: हवेकडे बघू नका, पाण्याकडे बघा. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. लाइफ जॅकेट म्हणून जे मिळालं ते ५० न्यूटनचं बॉयन्सी एड होतं. पोहता येणाऱ्याला ते तरंगत ठेवतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड वर करण्याची खात्री त्यात नसते, आणि हे तिनं आपणहून सांगितलं. शिट्टी जॅकेटला बांधलेली, फोन पारदर्शक पिशवीत गळ्यात, एक जादाचं वल्हं मागच्या डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीवर, दोरीखाली. मोठ्या बोटींच्या वाटेबद्दलही नीट सांगितलं: बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणांच्या, दोन रांगांमधली वाट त्यांची, त्यांना ती सोडता येत नाही, तुम्ही कडेनं जा. ओलांडायची तर काटकोनात आणि भरभर. पाच छोटे भोंगे ऐकू आले, तर समोरच्या बोटीला तुमचा इरादा कळलेला नाही असं समजा.

एवढं सगळं विचारलं, सांगितलं. फक्त एक प्रश्न कुणी विचारला नाही: तुम्ही जाणार कुठे?

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे ऐन उधाण. पूर्ण भरती ८ वाजून ४० मिनिटांनी झाली होती आणि मी सव्वानऊला निघाले. मला मिळालेल्या नकाशावर बंदराच्या मागच्या अंगाला एक अरुंद खाडी दिसत होती, आणि एकट्या होडीचं सुख अशाच जागी असतं.

सुख होतंच. नांगरलेल्या बोटींच्या मधून जाताना त्यांच्या साखळ्यांचा आवाज पाण्यातून माझ्या मांड्यांपर्यंत येत होता. एका बोयावर पाणकावळा पंख वाळत घालून बसला होता. मी वल्हं आडवं ठेवून थांबले आणि होडी आपसूक त्याच्यापासून आठ-दहा हातांवर सरकत गेली, तरी तो उडाला नाही. दोघींच्या होडीत असं थांबायचं तर विचारावं लागतं, तोवर पक्षी गेलेला असतो. मी त्याच्यापाशी किती वेळ होते ते सांगता येणार नाही. ताईची आठवण आली, आणि ती नसल्याचं बरंही वाटलं. ही दोन्ही वाक्यं मी तिला वाचून दाखवली आहेत.

खाडीत शिरले तेव्हा पहिला तास होऊन गेला होता आणि काठावरची ओली रेघ जेमतेम वीतभर खाली आलेली दिसत होती. मी मनात म्हटलं, ओहोटी संथ आहे. इथेच चुकले. समुद्राचं पाणी सारख्या वेगानं उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीचे बारा भाग केले, तर ठोकळमानानं पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर होता. म्हणजे पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून १.८ मीटर. मी पहिल्या तासावरून तिसऱ्याचा अंदाज बांधला होता.

सव्वाअकराला मागे वळून बघितलं तर खाडीच्या तोंडाशी चिखलाची पाठ वर आलेली. मधून पाण्याची एक पन्हाळ वाहत होती, वल्ह्याच्या पात्याएवढी खोल. चिखलात उतरायचं नाही हे मला ठाऊक होतं. पाय रुतला की सुटत नाही. आणि अडकून पडले असते तर तेवढं पाणी परत यायला संध्याकाळ झाली असती. मी अंग पुढे झुकवलं, वल्ह्यानं दोन्ही काठ ढकलत, तळ खरवडत, वीस मिनिटांत बाहेर आले. हात थरथरत होते.

पुढचा त्रास त्यातूनच आला. कयाकच्या मागच्या भागात पोटातून खाली सोडायचं एक छोटं पातं असतं, त्याला स्केग म्हणतात. ते खाली असलं की वारा होडीचं तोंड आपल्याकडे खेचू शकत नाही. तळ घासताना त्याच्या खोबणीत चिखल आणि खडे ठासून बसले होते. दोरी ओढली, सोडली, काहीच हललं नाही. दुपारचे खारे वारे सुटले होते, ओहोटी त्यांच्या उलट वाहत होती, आणि आडोशाच्या बंदरातही मधल्या भागात आखूड, खड्या लाटा उठल्या होत्या. उजवीकडून वारा, आणि होडी दर दहा वल्ह्यांनी उजवीकडे वळणार. तिला सरळ ठेवायला मी जवळजवळ पाऊण तास फक्त उजव्या बाजूनं रुंद वल्हं मारत आले. त्या बाजूला वल्हं मारताना डावा खांदा पुढे ढकलत राहतो. तो दोन दिवस दुखला.

वीस मिनिटं उशिरा पोचले. उशिराचं वेगळं भाडं घेतलं नाही, पाण्याची नळी लावून स्केग मोकळा केला. मग तिथला थोराड माणूस सहज म्हणाला, "मागच्या खाडीत गेला होता का? ओहोटीत तिकडे जायचं नसतं."

मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. हे वाक्य सव्वानऊला ऐकायचं होतं. तुम्ही माझी उंची विचारली, वजन विचारलं, पोहता येतं का विचारलं, आणि मी कुठे जाणार ते विचारलं नाही. एकटा माणूस सुरक्षित बंदरात उलटून कमी अडचणीत येईल, पाणी निघून गेल्यानं जास्त. त्यानं ऐकून घेतलं. बाजू मांडायचा प्रयत्न केला नाही, नकाशा टेबलावर ठेवून म्हणाला, "कुठे अडकलात ते दाखवा."

आठ दिवसांनी गेले तेव्हा नकाशावर त्या खाडीच्या तोंडाशी लाल शाईनं रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं: भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तासच. धक्क्यावरच्या फळ्यावर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. आणि त्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "आज कुठे?"

तेव्हा भांगाची भरती होती, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी कमीत कमी चढतं-उतरतं ती; फरक दीड मीटरचा, आणि पूर्ण भरती दुपारी अडीचला. तिनं नऊची वेळ सोडून साडेअकराची घ्यायला सांगितलं. चढत्या पाण्याबरोबर आत जा, भरतीला खाडीच्या टोकाला असा, पाणी फिरलं की त्याच्याबरोबर बाहेर या. तसंच केलं. जाताना पाणीच मला नेत होतं. आठवड्यापूर्वी जिथे तळ खरवडला, तिथे आता बगळा काठाच्या फांदीवर आणि त्याच्याखाली हातभर हिरवं, स्थिर पाणी. अडीचला सगळं थांबलं. पाण्यावरचं पान कुठेच जाईना. मीही तिथेच बसून राहिले, मग त्या पानानं हळूच तोंड फिरवलं आणि मी निघाले.

आता उरलेलं थोडक्यात. डबे ठेवायच्या मागच्या कप्प्याचं झाकण गळतं, कपडे वेगळ्या जलरोधक पिशवीतच ठेवा. नकाशा प्लॅस्टिकमध्ये आहे पण डेकवर अडकवायला क्लिप नाही, ती न्यावी. चार तासांची वेळ ठरलेली असते, पण भरतीप्रमाणे सुरुवात पुढेमागे करून देतात. नोंदणी करताना मागावं लागतं, आपणहून सांगत नाहीत. अगदी नवख्यानं, ज्याला पुन्हा होडीत चढणं शिकायचंच आहे, त्यानं आधी वरून बसायची सपाट कयाक घ्यावी आणि धक्क्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावं.

ताईचा गुडघा आता वाकायला लागला आहे आणि तिनं विचारलं आहे, दोघींची घ्यायची का. मी म्हटलं, दोन घेऊ. मला सात नंबरचीच हवी, फक्त त्या कयाकचा पाठीचा पट्टा तासाभरात सैल होतो, कयाक देणाऱ्यांनी तो तेवढा बदलून ठेवावा.